पहिलं स्केल मॉडेल: जोडणीपासून शेवटच्या रंगापर्यंत, घरातल्या टेबलावर

दिवाळीत किल्ला केला नाही असं घर साताऱ्यात क्वचितच सापडेल. त्या किल्ल्यावर एक गोष्ट हमखास दिसते. कुंभाराकडून आणलेला मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि महाराजांचं सिंहासन बुरुजावर मावत नाही. लहानपणी त्याचं काही वाटत नाही. ज्या वर्षी ते खटकायला लागतं, त्या वर्षी माणूस स्केल मॉडेलकडे वळायला तयार झालेला असतो. माझं तसंच झालं. यंदाच्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने पहिलं विमान जोडलं, तेव्हा मी शेजारी बसून होतो. तो जिथे जिथे अडला, तिथे मीही कधीकाळी अडलो होतो. त्या सगळ्या जागा एकत्र लिहून ठेवाव्यात म्हणून हा लेख.

स्केल म्हणजे मूळ वस्तूची सगळी मापं एकाच प्रमाणात लहान करणं. १:७२ म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ सेंटिमीटर, तर मॉडेलवर एक सेंटिमीटर. फूट-इंचात हे आणखी सोपं आहे: खरे सहा फूट म्हणजे मॉडेलवरचा एक इंच. या हिशेबाने साडेपाच फुटी मावळा जेमतेम २.३ सेंटिमीटरचा होतो आणि अठरा फुटी दरवाजा तीन इंचांचा. विमानांसाठी १:७२ आणि १:४८, रणगाड्यांसाठी १:३५, मोटारींसाठी १:२४ ही प्रमाणं सर्रास वापरली जातात. आकडा जितका मोठा, तितकं मॉडेल लहान. नवख्याची इथे पहिली गल्लत होते.

कोणतं किट घ्यावं

किट म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा खोका. मनात वर्षानुवर्षं असलेलं स्वप्नातलं मॉडेल पहिल्यांदा घेऊ नका. विमानवाहू जहाज, शिडाच्या दोऱ्यांचं जाळं असलेलं गलबत, दोन-दोन पंखांचं पहिल्या महायुद्धातलं विमान ही सगळी तिसऱ्या-चौथ्या खेपेची कामं. पहिल्यांदा हवं एका इंजिनाचं, मोजक्या भागांचं, सुटसुटीत विमान. माझी शिफारस १:७२ मधल्या स्पिटफायरची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाची आहे. जपानची तामिया, ब्रिटनची एअरफिक्स आणि जर्मनीची रेव्हेल ही या क्षेत्रातली जुनी नावं. एअरफिक्सचा स्टार्टर सेट मिळाला तर फारच चांगलं, त्यात किटबरोबर रंगांच्या छोट्या डब्या, ब्रश आणि गोंदही येतो.

स्पिटफायरच का? रेजिनाल्ड मिचेल यांनी आखलेलं हे विमान ५ मार्च १९३६ रोजी पहिल्यांदा उडालं. त्याचे लंबवर्तुळाकार पंख ओळखायला विमानांचा अभ्यास लागत नाही. ‘मार्क एक’ या सुरुवातीच्या आवृत्तीचा पंखविस्तार ११.२३ मीटर, म्हणजे १:७२ मध्ये साधारण साडेपंधरा सेंटिमीटर. तळहातावर बसतं, टेबलाचा कोपरा पुरतो. आणि हे विमान आपल्यालाही अगदी परकं नाही. १९४७-४८ च्या काश्मीरमधल्या लढाईत भारतीय हवाई दलाने स्पिटफायर वापरली होती. सैनिकांच्या अपशिंगे गावाच्या या जिल्ह्यात, १९६१ साली सैनिक स्कूल सुरू झालेल्या या शहरात, लढाऊ विमानाचं कुतूहल कुणाला शिकवावं लागत नाही.

किट आणि गोंद पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावे लागतात. बाकी जवळजवळ सगळं पोवई नाक्यापासून मोती चौकापर्यंतच्या दुकानांत मिळतं.

काय विकत घ्यावं, काय घरातलं चालेल

गोंदावर पैसे वाचवू नका. किट पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचं असतं आणि त्याला लागतो तो पातळ मॉडेल सिमेंट, झाकणाला ब्रश जोडलेल्या बाटलीतला. हा खरं तर चिकटवत नाही. तो दोन्ही कडांचं प्लास्टिक विरघळवतो, दोन्ही कडा एकमेकांत मिसळतात आणि द्रावण उडून गेलं की सांधा एकजीव होतो. लोखंडाला वेल्डिंग, तसं प्लास्टिकला हे. फेविक्विक इथे मुख्य गोंद म्हणून चालत नाही. तो क्षणात पकडतो, भाग सरळ करायला वेळच देत नाही. फेविकॉल मात्र लागणार आहे, एकाच पण महत्त्वाच्या कामासाठी. ते पुढे येईल.

कापायला इलेक्ट्रिशियन वापरतात तो छोटा साइड कटर घ्या, हार्डवेअरमध्ये मिळतो. पातीसाठी सर्जिकल दुकानातून तीन नंबरचं हँडल आणि ११ नंबरच्या ब्लेडची चार-पाच पाकिटं आणा. टोकदार, धारदार आणि स्वस्त. बोथट ब्लेड जास्त धोक्याचं, कारण त्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ते घसरतं. ब्लेड नेहमी स्वतःपासून दूर जाईल असं चालवा. वापरलेली ब्लेडं गोळ्यांच्या जुन्या बाटलीत साठवा, थेट कचऱ्यात टाकू नका. कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो.

घासायला ४००, ८०० आणि १५०० नंबरचा वॉटर पेपर. पकडायला चिमटा. दाबून ठेवायला रबर बँड आणि कपड्यांचे चिमटे. रंग मिसळायला चिनी मातीची जुनी पांढरी बशी. मास्किंग टेप मोटारी रंगवणाऱ्यांना माल देणाऱ्या दुकानात मिळते. ब्रश तीन पुरतात: अर्ध्या इंचाहून थोडा अरुंद चपटा एक, तीन नंबरचा गोल एक आणि शून्य नंबरचा गोल एक. आणि कंदी पेढ्यांचे रिकामे खोके टाकू नका. सुट्या भागांना, वाळत ठेवलेल्या पंखांवर धूळ बसू नये म्हणून झाकायला, मॉडेल टेकवून ठेवायला, या सगळ्याला ते लागतात.

टेबलाखाली किंवा मांडीवर जुना पांढरा टॉवेल पसरा. दोन मिलिमीटरचा भाग शहाबादी फरशीवर पडला की तो सापडत नाही. टॉवेलवर सापडतो.

कापण्याआधी

खोका उघडल्यावर सगळे भाग एका चौकटीला जोडलेले दिसतील. या चौकटीला स्प्रू म्हणतात. प्रत्येक भागाशेजारी नंबर असतो, म्हणून सगळे भाग एकदम सुटे करायचा मोह आवरा. जो लागेल तोच कापायचा.

आधी माहितीपत्रक एकदा शेवटपर्यंत वाचा आणि कोणता भाग जोडण्याआधी रंगवायचा आहे त्यावर पेन्सिलीने खूण करा. मग सगळे स्प्रू भांडी घासायच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात बुडवून, मऊ ब्रशने धुऊन वाळवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकटपणा कधी कधी त्यावर राहतो आणि तिथे रंग धरत नाही. पाणी गरम नको, पातळ भाग वाकडे होतात.

भाग कापताना दोन घाव घालायचे. पहिला भागापासून लांब, चौकटीकडे. उरलेला दांडा दुसऱ्या घावात, पण तोही थोडा राखून. शेवटचा अर्धा मिलिमीटर ब्लेडने हळूहळू कापा आणि वॉटर पेपरने सपाट करा. एकाच घावात कडेलगत कापलं तर प्लास्टिक पांढरं पडतं किंवा भागाचाच लचका निघतो.

जोडणी

गोंदाची बाटली उघडण्याआधी दोन भाग कोरडेच एकमेकांत बसवून पाहा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. फट राहते का, कुठे अडतं, कुठली खुंटी जाड आहे, हे सगळं इथेच कळतं. अडणाऱ्या जागी वॉटर पेपरचे दोन हात मारले की बहुतेक वेळा काम होतं. माझ्या पहिल्या विमानात मी हे केलं नाही. आतली बैठक किंचित जाड होती, धडाचे दोन अर्धे पूर्ण मिटेनात आणि मी ते जोर लावून दाबून चिकटवले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेपटीपासून नाकापर्यंत सांधा उकललेला होता.

जोडणीची सुरुवात आतून होते. वैमानिकाची खुर्ची, दांडा, समोरचा घड्याळांचा फलक हे धड मिटल्यावर हाती लागत नाहीत, म्हणून ते आधी रंगवायचे. ब्रिटिश विमानांच्या आतला रंग करडट हिरवा असतो. खुर्ची तपकिरी, फलक काळा. या प्रमाणात काचेतून फार दिसत नाही, तेव्हा इथे तीन संध्याकाळी घालवू नका. फक्त एक करा: ज्या कडांवर गोंद लागणार आहे तिथला रंग खरवडून काढा. हा गोंद प्लास्टिक विरघळवतो, त्याला रंगावर पकड मिळत नाही.

आता धड. दोन्ही अर्धे कोरडे मिटवून हातात धरा. सिमेंटचा ब्रश बाटलीच्या कडेला निथळवून घ्या आणि त्याचं टोक सांध्याला नुसतं टेकवा. द्रावण आपोआप फटीत ओढलं जातं, कंदिलाच्या वातीत तेल चढतं तसं. दोन सेंटिमीटर पुढे पुन्हा टेकवा. बोट सांध्यावर नको, बोटाखाली द्रावण ओढलं गेलं की प्लास्टिकवर ठसा कायमचा उमटतो. वीस-तीस सेकंदांनी दोन्ही अर्धे हलकेच दाबा. सांध्यावर मऊ झालेल्या प्लास्टिकची बारीक रेघ उमटून वर आली पाहिजे. ती पुसू नका. वाळल्यावर घासली की सांधा दिसेनासा होतो.

रबर बँड लावा आणि चोवीस तास हात लावू नका. या छंदात खरा वेळ जातो तो वाळण्यात, आणि नवख्यांची बहुतेक मॉडेलं इथेच बिघडतात. पुढच्या पायरीची घाई झाली तर दुसरं काही करा, चाकं घासा, पंखा रंगवा.

पंख लावताना समोरून पाहायचं. स्पिटफायरचे पंख आडवे सरळ नसून टोकांकडे सहा अंशांनी वर उचललेले असतात. दोन्ही बाजू सारख्या उचलल्या आहेत ना, हे डोळे मॉडेलच्या पातळीत आणून बघा आणि टोकांखाली पेढ्याच्या खोक्याचे सारख्या उंचीचे तुकडे ठेवून तसंच वाळू द्या. शेपटीचे आडवे पंख मात्र सपाट. मागून पाहिल्यावर उभी शेपटी त्यांच्याशी काटकोनात दिसली पाहिजे. पंखाखालचे दोन डबे एकसारखे नाहीत, हेही लक्षात ठेवा: मार्क एकवर मोठा रेडिएटर वैमानिकाच्या उजव्या पंखाखाली, तेल थंड करणारा छोटा डावीकडे. मॉडेल उलटं धरून काम करताना उजवं-डावं हमखास चुकतं.

चाकांचे पाय, पंखा, अँटेनाची काठी, पंखाखालून पुढे आलेली बारीक नळी हे आत्ता लावायचं नाही. रंगवताना हात लागून मोडतात.

फटी आणि सांधे

पंख जिथे धडाला मिळतो तिथे थोडी फट राहतेच. केसाएवढी असेल तर सिमेंटचा आणखी एक हात पुरे. त्याहून रुंद फटीत एम-सील भरा: दोन्ही भाग सारखे मळून, सुतळीसारखी वळकटी करून फटीत दाबायची आणि ओल्या बोटाने सपाट करायची. पाणी लावलेल्या बोटाला ते चिकटत नाही, त्यामुळे घासण्याचं काम निम्मं होतं. मोटारींना लावतात ती एन.सी. पुट्टीही चालते, पण तिच्यातलं द्रावण प्लास्टिक खातं, म्हणून अगदी पातळ थर. भिंतीची पुट्टी नको, ती ठिसूळ होऊन निघते.

मग ४००, ८००, १५०० या क्रमाने पाण्यात बुडवून घासा. पाण्यामुळे पावडर उडत नाही आणि कागद भरत नाही. झालं की नाही हे डोळ्यांपेक्षा नखाला लवकर कळतं: सांध्यावरून नख आडवं ओढा, अडलं तर अजून घासायचं आहे.

रंग

प्लास्टिकवर थेट ॲक्रिलिक मारला तर नख लागलं तरी निघतो. आधी करडा प्रायमर हवा. मॉडेलसाठीचा स्प्रे प्रायमर सगळ्यात बरा. हार्डवेअरमधला कॅन वापरणार असाल तर आधी स्प्रूच्या तुकड्यावर मारून बघा. काही कॅनमधला थिनर इतका जहाल असतो की प्लास्टिकवर सुरकुत्या पडतात. गच्चीवर, तोंडाला मास्क लावून, एक वीत अंतरावरून झटपट हात फिरवायचा. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. एका जाड थरापेक्षा तीन विरळ थर. प्रायमरनंतर राहिलेले ओरखडे एकदम उठून दिसतात. निराश होऊ नका, तो त्याचसाठी असतो. घासा, पुन्हा मारा.

साताऱ्याच्या हवेचं एक सांगायला हवं. जून ते सप्टेंबर, कासच्या बाजूने यवतेश्वरावर ढग उतरलेले असताना, स्प्रे करू नका. द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि वॉर्निश दुधाळ होतं. पावसाळ्यात कापणं, जोडणं, घासणं करावं. रंगाला नोव्हेंबर ते फेब्रुवारीची कोरडी हवा उत्तम. एप्रिलच्या दुपारी उलटा त्रास: रंग ब्रशवरच वाळतो, तेव्हा सकाळी लवकर बसावं.

१९४० च्या उन्हाळ्यातल्या स्पिटफायरला तीन रंग लागतात. खालून फिकट हिरवट ‘स्काय’, वरून मातकट तपकिरी आणि गडद हिरव्याचे पट्टे. मॉडेलचे खास ॲक्रिलिक असतील तर थेट वापरा. नसतील तर स्टेशनरीच्या दुकानातल्या कॅमलच्या ॲक्रिलिक ट्यूबांतून जमतं: यलो ऑकर, बर्न्ट अंबर आणि थोडा पांढरा मिळून मातकट रंग, सॅप ग्रीनमध्ये बर्न्ट अंबर आणि थेंबभर काळा घालून गडद हिरवा. एकदाच भरपूर कालवून झाकणाच्या डबीत ठेवा. तोच रंग दुसऱ्यांदा हुबेहूब जमत नाही.

रंग पातळ किती? ताकाएवढा. ब्रशवरून सहज वाहिला पाहिजे, पण पंखावर ओघळ येता कामा नये. पहिला थर इतका विरळ आणि डागाळ दिसेल की काहीतरी चुकलं असं वाटेल. चुकलेलं नसतं. भाच्याने इथेच घाबरून लगेच दुसरा जाड हात मारला, अर्धवट वाळलेला रंग ब्रशबरोबर उचलला गेला आणि पंखावर खरवडल्यासारखा डाग पडला. तो भाग घासून पुन्हा रंगवण्यात एक रविवार गेला. नियम एवढाच: एकदा ब्रश फिरवून पुढे गेलात की मागे यायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं वाळू द्या. दुसरा थर पहिल्याला आडवा. तिसऱ्या-चौथ्या थरात रंग सपाट आणि भरीव होतो, आणि पत्र्यांच्या जोडाच्या बारीक रेषाही बुजत नाहीत.

आधी स्काय, मग मातकट, शेवटी हिरवा, म्हणजे फिकटाकडून गडदाकडे. हिरव्याच्या कडा पेन्सिलीने हलक्या आखून घ्या, गोल ब्रशने कड ओढा आणि आतला भाग चपट्याने भरा. हात थरथरत असेल तर दोन्ही मनगटं टेबलाला टेकवा, मॉडेल धरलेला हातही. टायरना शुद्ध काळा नको, गडद करडा द्या. इतक्या लहान वस्तूवर काळा रंग भोकासारखा दिसतो. पंख्याची पाती काळी, टोकं पिवळी.

डीकल, रेषा, वॉर्निश

विमानावरची वर्तुळं आणि अक्षरं डीकलवर, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायच्या पातळ पापुद्र्यावर छापलेली असतात. ते स्टिकर नव्हेत. त्यांना चकचकीत पृष्ठभाग लागतो, म्हणून आधी ग्लॉस वॉर्निशचा थर द्या. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, खाचांत हवा अडकते आणि डीकलखाली चांदीसारखी चकाकी दिसते. एका वेळी एकच डीकल कापा, कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवा, बाहेर काढून मिनिटभर थांबा. कागदावर ते आपोआप सरकायला लागलं की पाण्याचा थेंब ठेवलेल्या जागी कागदासकट टेकवून ब्रशने सरकवा. जागेवर बसल्यावर ओलसर सुती कापड मध्यातून कडांकडे दाबत न्या. वाळल्यावर पुन्हा ग्लॉसचा हलका थर.

मग माझी आवडती पायरी. बर्न्ट अंबर तैलरंगाचा मसुराएवढा ठिपका टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करा आणि पंखावरच्या रेषेला ब्रशचं टोक टेकवा. रंग रेषेतून स्वतः धावत जातो. अर्ध्या तासाने कोरड्या कापडाने पुसायचं, आणि पुसायचं ते पुढून मागे, वारा विमानावरून जातो त्या दिशेने. उरलेले पुसट ओघळ मग खऱ्या मळासारखे दिसतात. खाली वॉर्निश नसेल तर हे करू नका, टर्पेंटाइन रंगात आणि प्लास्टिकमध्ये शिरतं. खिडकी उघडी ठेवा. दोन दिवस वाळल्यावर सगळ्यावर मॅट वॉर्निश. आतापर्यंत खेळण्यासारखं चकाकणारं विमान त्या एका थराने बदलतं.

शेवटचे भाग

चाकांचे पाय, पंखा, नळी, अँटेना आता लावा. स्पिटफायरची चाकं जवळजवळ असतात आणि पाय खाली जाताना बाहेर फाकतात. दोन्ही सारखे फाकलेत का, हे सिमेंट ओलं असेपर्यंत समोरून पाहून घ्या.

काच सगळ्यात शेवटी, आणि इथे तो फेविकॉल. फेविक्विकची वाफ काचेवर बसून पांढरी बुरशीसारखी झाक येते, मॉडेल सिमेंटचा थेंब सांडला तर काच कायमची धुरकट होते. फेविकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या ब्रशने पुसता येतो. काचेच्या चौकटी रंगवायला मास्किंग टेपचे बारीक तुकडे कापून प्रत्येक तावदानावर बसवा, कडा टूथपिकने दाबा. आधी आतल्या बाजूचा करडट हिरवा, मग बाहेरचा रंग, तोही विरळ. रंग पूर्ण कडक व्हायची वाट पाहू नका. हाताला लागेनासा झाला की टेपच्या कोपऱ्याखाली ब्लेडचं टोक घाला आणि ती काचेला जवळजवळ समांतर, सावकाश मागे ओढा. एखाद्या कडेला रंग आत गेला असेल तर टोकदार केलेली टूथपिक ओली करून खरवडा, ब्लेड लावू नका. शेवटची टेप निघते तेव्हा आतली खुर्ची पहिल्यांदा नीट दिसते.